रिकाम्या जीपचे पाटे

आमच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आधी मोबाइल काढतं आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीचा फोटो दाखवतं. कुठल्याशा डोंगरात एक चाक दगडावर टेकवून उभी असलेली जीप. टायर माणसाच्या कमरेएवढे, आणि गाडीखाली एवढी जागा की वाकून पलीकडे जाता येईल. ‘चाचा, अशी पाहिजे.’ मी फोटो नीट बघतो, कौतुक करतो आणि मग विचारतो, ‘बाबू, राहतो कुठी?’ तो म्हणतो, तिवसा. तिवस्याला तसला डोंगर नाही हे मलाही माहीत असतं आणि त्यालाही. मग आम्ही दोघं चहा पितो आणि कामाला लागतो.

अमरावतीत वलगाव रोडवर आमचं दुकान आहे. टायर, चाकं आणि पाटे, एवढंच काम. पाटे म्हणजे गाडीच्या खाली एकावर एक रचलेल्या त्या पोलादी पट्ट्या, ज्यांच्यावर गाडीचं सगळं अंग तोललेलं असतं. आता दुकान पुतण्या बघतो. मी खुर्ची टाकून बसतो आणि त्याच्या कामात चुका काढतो. संपादकसाहेबांनी दिवाळी अंकासाठी लिहा म्हटलं, तेव्हा मी म्हणालो की मी टायर चढवणारा माणूस, मला काय लिहिता येणार. ते म्हणाले, मग टायर चढवण्याबद्दलच लिहा. शाळा मराठीतून झाली, त्यामुळे तीही सबब चालली नाही.

आमच्या घराण्याचं हेच काम. माझे अब्बा बैलगाडीच्या चाकांना धाव चढवायचे. धाव म्हणजे लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. ती गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं, म्हणजे ती आवळून बसते. आपल्याकडच्या बैलगाडीचं चाक उंच आणि अरुंद असायचं. ते रुंद का नाही करत, असं मी लहानपणी विचारलं होतं. अब्बा म्हणाले, ‘काली मिट्टी है बेटा. चौडा पाँव रक्खा तो पकड लेती.’ त्यांनी जन्मभर लोखंड चढवलं, मी रबर चढवलं. माती मात्र तीच राहिली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गाडी उंच केली की ती कुठूनही जाते. तसं नसतं. पाट्यांत एखादा जास्तीचा पाटा घातला की गाडीचं अंग वर जातं, पण दोन चाकांना जोडणारा अॅक्सल होता तिथेच राहतो. चिखलात आधी टेकतो तो अॅक्सल. त्याला वर न्यायचं तर टायरच मोठा घ्यावा लागतो. मोठा टायर आत घासू नये म्हणून गाडी थोडी उचलायची. म्हणजे आधी जमीन बघायची, मग टायर ठरवायचा, मग चाक आणि सगळ्यात शेवटी उंची. लोक नेमकं उलटं करतात. आधी उंची ठरवतात, मग दिसायला शोभतील असे टायर, आणि जमीन कुठली हे गाडी फसल्यावर कळतं.

त्या तिवस्याच्या मुलाचंच बघा. त्याला स्वतःच्या लग्नात स्वतः जीप चालवत मंडपात जायचं होतं. मी म्हटलं, एवढी उंच नको. तो म्हणाला, चाचा, एकदाच लग्न करायचंय. केली उंच. लग्नाच्या दिवशी वाजतगाजत जीप मंडपाच्या फुलांच्या कमानीपाशी आली आणि तिचा टप, म्हणजे छत, कमानीला अडकला. मुलाचे मामा म्हणाले, कमान कापा. मंडपवाला हाताची घडी घालून कमानीसमोर उभा राहिला. शेवटी नवरदेव उतरून पायी गेला आणि जीप हारासकट जेवणं होईपर्यंत रस्त्यावर उभी राहिली. नंतर तो दुकानात आला तेव्हा मला वाटलं आता भांडणार. तो म्हणाला, ‘चाचा, मंडपच बुटका होता.’ अशी माणसं आहेत म्हणून दुकान चाललं, हे मी नाकारत नाही. त्या गाड्यांचं काम मी मन लावून केलं, पण त्यातल्या बऱ्याचशा जन्मात कधी चिखलात गेल्या नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं.

ज्याला खरी गरज असते तो फोटो आणत नाही. त्याच्या गाडीला चिखल असतो.

एका पावसाळ्यात भरदुपारी एक जीप दुकानापुढे येऊन थांबली. जुनी, प्रवासी वाहतुकीची काळी-पिवळी, दर्यापूरकडे चालतात तशी. पण खाली चकचकीत मिश्रधातूची चाकं, त्यांवर हे एवढे रुंद टायर आणि गाडी चांगली हातभर उचललेली. म्हाताऱ्याने नातवाचे बूट घालावेत तशी ती दिसत होती. आतून साठीच्या आसपासचा एक माणूस उतरला, म्हणजे जवळजवळ उडीच मारली त्याने. चिखल त्याच्या गुडघ्यापर्यंत होता.

‘चाचा, गाडी खाली करून द्या.’

मी खुर्चीतून उठलो. गाडी वर करून मागणारे मी जन्मभर पाहिले, खाली करून मागणारा हा पहिलाच.

त्यांचं नाव भास्करराव. दर्यापूरच्या पुढे खारपाणपट्ट्यात त्यांचं गाव. तिथल्या विहिरींचं पाणी खारं, आणि मूत्रपिंडाचे आजार त्या भागात घरोघर. त्यांच्या बायकोची, शांताबाईंची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, अमरावतीला आणून मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागायचं. भास्कररावांची स्वतःची जीप होती, गाव ते अमरावती माणसं नेण्या-आणण्याचाच त्यांचा धंदा होता, त्यामुळे उन्हाळ्यापर्यंत निभावलं. पावसाळा लागला आणि गावापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा काळ्या मातीचा तुकडा बंद पडला.

‘मंग पोट्ट्यानं हे पाठवलं,’ ते टायरावर हात ठेवून म्हणाले. मुलगा पुण्याला नोकरीत. सुट्टी मिळेना, आईच्या काळजीने जीव कासावीस. त्याने तिकडच्या जाणत्या लोकांना विचारून चाकं, टायर, उचलण्याचा सगळा संच मागवला आणि अकोल्यात एका ठिकाणी बसवून घ्यायला सांगितला. माल एक नंबर होता. सह्याद्रीच्या दगडगोट्यांत या टायरांनी झेंडा रोवला असता.

‘मंग खाली काहून करता?’ मी विचारलं.

‘शांता बसत नाही ना गाडीत. उंच झाली. पायदान लावलं, मुठी लावल्या, स्टूल ठेवला. म्हणते, मले नाही जा लागत. मागचे दोन वार बुडवले तिनं. तोंड सुजलं, दम लागून राहिला. डॉक्टर म्हणे, अजून एखादा वार बुडला तर आमच्या हातात काही नाही राहात.’ त्यांनी टायरावरचा हात काढला. ‘खाली केली तर चिखलातून निघत नाही. वर ठेवली तर ते बसत नाही. मी काय करू सांगा.’

असं कोडं माझ्याकडे कधी आलं नव्हतं. उंची किती ठेवायची हे मी नेहमी जमीन बघून ठरवत आलो, इथे एका बाईच्या पायाला जमेल तेवढी ठेवायची होती. मी म्हटलं, दुकानात उभी असलेली गाडी काही सांगत नाही, मला हिच्यात बसून तुमचा रस्ता बघू द्या. काहीही करून त्यांना पुढच्या वारी आणा, समजूत घाला, हातापाया पडा. परत जाताना मला घ्या.

त्यांनी खरंच आणलं. परतीच्या वेळी संध्याकाळ व्हायच्या बऱ्याच आधी जीप दुकानापुढे थांबली. शांताबाई तोंड धुवायला खाली उतरल्या. बारीक बाई, सुया टोचलेल्या हाताला पट्टी, पदर घट्ट खोचलेला. मी त्यांच्या परत चढण्याकडे लक्ष ठेवून होतो. मूठ धरली, पायदानावर पाय दिला, एक क्षण थांबल्या आणि चढल्या. सावकाश चढल्या, पण कुणाच्या हाताशिवाय चढल्या. माझ्या मनात आलं, म्हणजे अडचण उंचीची नाहीच.

अडचण काय ते मला वलगाव मागे पडायच्या आत कळलं. भास्कररावांनी मधलं बाक गादी टाकून बायकोसाठी मोकळं ठेवलं होतं. माणसं घेणं त्यांनी बंद केलं होतं, तिला कुणाचा त्रास नको म्हणून. मी मागे, अॅक्सलच्या बरोब्बर वर बसलो होतो. प्रत्येक खड्ड्याला जीप आपटायची आणि मी टपाला टेकून खाली यायचो. तीस वर्षं पाट्यांचं काम करून माझी ही गत. शांताबाई दोन्ही हातांनी समोरची दांडी धरून, डोळे मिटून बसल्या होत्या. मशीनवरून उठलेल्या माणसाच्या अंगात त्राण नसतं. गादी पडायची ती बाकावरून खाली पडली होती आणि कुणी उचलली नव्हती.

काळ्या मातीचा रस्ता लागला आणि थोड्या अंतरावर पुढचं चाक फिरायचं थांबलं. आमच्याकडे हे नवीन नाही. ही माती ओली झाली की टायरला चिकटते, त्या थरावर दुसरा थर चढतो, आणि टायर व मडगार्ड यांच्यामधली जागा ठासून भरते. मग चाक जाम. आमच्याकडचे लोक पावसाळ्यात मोटारसायकलचं पुढचं मडगार्ड काढूनच ठेवतात ते याचमुळे. रुंद टायर जास्त माती उचलतो, म्हणून जास्त जाम होतो. भास्कररावांनी सीटखालून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, काढली आणि ते चाकाशी बसून माती उकरायला लागले.

ते खाली, आम्ही दोघं वर. मी सहज म्हटलं, ‘बाई, लय आपटते ना गाडी?’

त्यांनी खिडकीबाहेर नवऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. ‘त्याईले सांगू नका भाऊ.’

‘नाही सांगत.’

‘त्या मशीनचं मले काही वाटत नाही. चार घंटे पडून राहा लागते, पडते मी. पण हे परतीची वाट. घरी जाईपर्यंत पोटातलं सारं हालून जाते. दोन दिवस मंग निस्तं हेच डोक्यात, की पुन्हा जा लागीन, पुन्हा ह्याच गाडीत बसा लागीन.’ त्यांनी पुन्हा बाहेर पाहिलं. ‘म्हणून मी म्हनलं, पाय चढत नाही. दुसरं काय सांगू? पोरानं एवढ्या दुरून पाठवलं. ह्याईनं माह्यासाठी आपला धंदा बंद केला. दोघाईनं माह्यासाठीच केलं ना. मी कोनाले नावं ठेवू?’

मी खाली पडलेली गादी उचलून बाकावर ठेवली.

मग त्याच म्हणाल्या, ‘पहिले गाडी भरेल राहे. बाया बसत, बोलत राहत. तवा नाही आपटे. भरेल गाडी झुलते भाऊ, रिकामी गाडी आपटते.’

भास्करराव सब्बल घेऊन वर आले. ‘काय बोलून राहिले?’

‘पाट्याचं,’ मी म्हणालो, आणि ते अगदी खरं होतं.

ही गोष्ट बाहेरच्या लोकांना समजावी म्हणून सांगतो. या जीपचे पाटे बाकं भरून माणसं बसतील असं धरून केलेले असतात. माणसं बसली की पाटे वाकतात, आणि वाकलेला पाटाच खड्ड्याचा मार सोसतो. दोन माणसांनी तो वाकतच नाही. ताठ राहतो आणि खड्ड्यातला सगळा मार जसाच्या तसा वर बसलेल्याच्या कण्यात पाठवतो. भास्कररावांनी बायकोच्या मायेने गाडी रिकामी केली, म्हणून ती आपटायला लागली. मुलाने आईच्या मायेने ती उचलली, म्हणजे आधीच ताठ असलेल्या पाट्यांवर आणखी एक जाड पाटा चढला. दोघांच्याही मायेचे हिसके ती बाई तोंड मिटून खात होती.

रात्री मी त्यांच्याच घरी राहिलो. दुसऱ्या दिवशी मी आणि भास्करराव जीप घेऊन दुकानात आलो आणि पुढच्या वाराच्या आदल्या दिवसापर्यंत राबलो. मुलाची चाकं आणि टायर काढून कापडात गुंडाळून ठेवले. ते विकू नका, पोराला वाईट वाटेल, असं मीच बजावलं. त्यांच्या जागी कंपनीची लोखंडी चाकं आणि उंच पण अरुंद टायर चढवले, ज्यांच्या नक्षीत मोठ्या मोकळ्या फटी असतात, म्हणजे चाक फिरताना माती आपोआप फेकली जाते. पुढच्या मडगार्डाची आतली कड कापली. जास्तीचा जाड पाटा काढला, टायर मोकळे फिरतील इतपतच उंची ठेवली. अब्बा असते तर टायरांकडे बघून म्हणाले असते, यात तू नवीन काय केलंस.

सगळं झाल्यावर मी भास्कररावांना म्हणालो, ‘माझं काम झालं. आता हिच्यात वजन पाहिजे. वजनाशिवाय हे पाटे बसायचे नाहीत.’

‘रेतीचे पोते टाकू काय मांगं?’

‘टाका. पण रेती उतरून धक्का मारत नाही. माणसं घ्या.’

त्यांचा चेहरा उतरला. ‘तिले अशी बिमार असताना गर्दीत कोंबू? लोक काय म्हणतीन? बायको मरून राहिली अन् हा भाडं मारून राहिला?’

ही भीती त्यांच्या मनात पहिल्यापासून होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी शांताबाईंना शब्द दिला होता, म्हणून एवढंच म्हणालो, ‘तिलाच विचारा ना.’

काम केलेल्या गाडीत पहिल्या फेरीला मी स्वतः बसतो, ही माझी सवय. त्यामुळे मी त्यांच्याबरोबर गावात गेलो. संध्याकाळी अंगणात खाट टाकून बसलो असताना त्यांनी विषय काढला, आणि काढला तोही जमिनीकडे बघत.

‘शांता, उद्या गाडीत मानसं घेऊ काय?’

‘घ्या ना. मी कवा नाही म्हनलं?’

‘मले वाटलं, तू आरामात झोपून जाशीन.’

‘झोपाले घर आहे,’ त्या म्हणाल्या. ‘अन् गाडीत कोनी बोलाले नाही. तुमी तं गाडी चालवताना मुके राहता.’

भास्करराव उठून गावात निरोप द्यायला गेले. ते फाटकाबाहेर पडल्यावर शांताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कानाला हात लावला, की मी काही सांगितलेलं नाही. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. ती बाई हसलेली मी पहिल्यांदा पाहिली आणि मला फार बरं वाटलं.

रात्रभर पाऊस पडला. सकाळी जीप भरली. लीलाबाई नावाच्या शेजारीण लेकीकडे चालल्या होत्या. नामदेवराव म्हणून एक आजोबा कोर्टाच्या तारखेला निघाले होते, पांढरंशुभ्र धोतर आणि डोक्यावर कडक टोपी. प्रांजली ही कॉलेजची मुलगी परीक्षेचा फॉर्म भरायला निघाली होती. आणखीही मंडळी होती, बाकं भरली होती. शांताबाई पायदानाशी आल्या तर लीलाबाईंनी वरून दंड धरला, दुसरीने खालून हात दिला, आणि ‘ये वो महाराणी’ म्हणत त्यांना मधोमध बसवून टाकलं. दोघींच्या मध्ये त्या अशा बसल्या की पडायचं म्हटलं तरी पडायला जागा नव्हती. जीप निघाली. मी मागच्या बाकावर पाट्यांचा आवाज ऐकत होतो. पाटे वाकत होते. पहिला मोठा खड्डा आला, गाडी खाली गेली, वर आली आणि झुलून पुढे निघाली. शांताबाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

टायरांनी बरीच वाट काढून दिली. चिखल उडत होता, चाकं मोकळी फिरत होती, मी मनातल्या मनात फुगलो होतो. डांबरी रस्ता समोर दिसायला लागला तिथे एक नाला आहे. त्याच्या काठावर रात्रीच्या पाण्याने सगळं भुसभुशीत होऊन गेलं होतं. जीप त्यात शिरली आणि अॅक्सलपर्यंत बसली. अशा ठिकाणी टायर कुठलाही असो, काही चालत नाही. माझी फुशारकी तिथेच संपली.

सगळे उतरले. शांताबाईही उठायला लागल्या.

‘तू कुठी चालली?’ लीलाबाई म्हणाल्या.

‘तेवढीच गाडी हलकी होईन.’

‘तुह्यानं गाडी हलकी होते काय? उंदराएवढं वजन तुहं. बस चूप.’

आम्ही ढकललं. जीप हलली आणि पुन्हा बसली. चाकापुढे कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुऱ्हाट्या, बाभळीच्या फांद्या, जे मिळेल ते टाकलं. परत ढकललं. अर्धा तास गेला, मग तासही गेला असेल. शांताबाई खिडकीत बसून आमच्याकडे बघत होत्या. त्यांचा श्वास जोरात चालला होता, तोंड सकाळपेक्षा सुजलं होतं. भास्करराव स्टिअरिंगवर होते आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते. दवाखान्यात वेळ टळली की मशीन दुसऱ्या पेशंटला देतात, हे सगळ्या गाडीला माहीत होतं.

समोर डांबरी रस्त्यावर एसटी येताना दिसली. अमरावतीची होती. त्या थांब्यापर्यंत पायी जायला फारसा वेळ लागला नसता.

शांताबाई खिडकीतून म्हणाल्या, ‘तुमी जा वो सारे. नामदेवबुवा, तुमची तारीख आहे. पोरी, तुह्या फारम राहून जाईन. आमचं पाहू आमी.’

नामदेवरावांनी एसटीकडे पाहिलं. मग टोपी काढून गाडीत ठेवली, धोतर वर खोचलं आणि गुडघाभर चिखलात उतरून मागच्या फळीला खांदा लावला. म्हणाले, ‘भास्कर, या बारीनं जरा उजवीकडं घे.’ प्रांजलीने दप्तर शांताबाईंच्या मांडीवर दिलं आणि ती नामदेवरावांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. एसटी थांब्यावर थांबली, कंडक्टरने आमच्याकडे बघून थोडी वाट पाहिली आणि बेल मारली. एसटी गेली. कुणी मान वर करून तिच्याकडे पाहिलंही नाही.

त्यानंतरच्या धक्क्याला जीप निघाली. मी तोंडावर पडलो, चष्मा चिखलात गेला, लीलाबाईंनी तो हुडकून पदराने पुसून दिला. जीप डांबरावर उभी होती आणि सगळे तिच्याकडे पळत सुटलो.

अमरावतीत आल्यावर भास्कररावांनी स्टँडवर गाडी थांबवली नाही, आणि थांबवा असं कुणी म्हटलंही नाही. जीप सरळ दवाखान्याच्या दारात नेली. आमच्यातल्या दोघींनी शांताबाईंना दोन्हीकडून धरलं, बाकीचे मागोमाग. त्या स्वच्छ फरशीवरून आमच्या चिखलाच्या पायांची लांबच लांब ओळ उठली. झाडू घेऊन उभी असलेली बाई काही बोलणार होती, ती शांताबाईंचं तोंड बघून बाजूला झाली.

आतून एक सिस्टर आल्या. हातात कागद, घाईत. शांताबाईंना पाहून म्हणाल्या, ‘किती उशीर, दुसऱ्या पेशंटला घेणारच होते. चला, मशीन लावते. खुर्ची आणा.’ खुर्ची आली, शांताबाई बसल्या. भास्करराव गाडी बाजूला लावायला गेले होते. सिस्टरनी कागदावरून वर पाहिलं, समोर डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलेली ही सगळी माणसं बघून त्या क्षणभर थांबल्या.

‘पेशंटचं कोण आहे?’ त्यांनी विचारलं.

‘आमी,’ सगळे एकदम म्हणाले. त्यात माझाही आवाज होता, हे मला म्हणून झाल्यावर कळलं.